उत्तरेकडचा तट

माझा मामेभाऊ विजयराघव, आम्हा सगळ्यांचा अण्णा, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी राजा झाला. राज्य होतं मोबाइलवर. प्रजा सत्तावीस माणसांची, सगळी आमच्याच नात्यातली. म्हणजे मराठे तंजावरावर राज्य करत होते तेव्हा इकडे आलेल्या, आणि मग इकडचीच होऊन गेलेल्या घरांतली. कुणी कुंभकोणमात, कुणी चेन्नईत, कुणी बंगळुरात. खेळाचं खरं नाव इंग्रजी आणि लांबलचक आहे. आमच्यात त्याला सगळे नुसतं 'कोट' म्हणतात. मी तो कधीच खेळले नाही. तीस वर्षं पुण्यात नोकरी करून परत आले ती पुस्तकी मराठी आणि तिखट जीभ घेऊन, आणि या खेळावर मी दोन्ही भरपूर वापरल्या आहेत.

राजा होण्याआधी अण्णाने पस्तीस वर्षं पाणी सोडलं. अरसलार नदीतून निघणाऱ्या कालव्यांचे दरवाजे त्याच्या देखरेखीखाली होते. सायकलवर टांग टाकून बांधाबांधाने हिंडायचा. कुठल्या गावाची पाळी कधी, कुठल्या दरवाज्याच्या चक्राला किती वेढे, सगळं तोंडपाठ. बोलणं मात्र बेताचं. 'उघडा', 'बंद करा' आणि 'पाहूं', या तीन शब्दांवर त्याची नोकरी झाली आणि निम्मा संसारही. उरलेला निम्मा त्याच्या बायकोने, जयलक्ष्मीने बोलून काढला. तिच्या तोंडाचा पट्टा कधी थांबत नसे. "तुम्हा दोघांचं मिळून एका माणसाएवढं बोलणं होतं आणि तेही तूच करतेस," असं मी तिला म्हणायचे, आणि ती खो खो हसायची.

कोट तिनेच सुरू केला. कोरोनाच्या वर्षी सगळे घरात कोंडलेले, मुलगी हरिणी तिकडे हैदराबादला एकटी. हरिणीने आईला खेळ शिकवला, आईने चुलत्या-मावश्यांना ओढलं, आणि अण्णाला धान्याच्या कोठारावर बसवलं. दुपारी जेवणं झाली की सगळे आपापल्या फोनवर. खेळताना एकमेकांशी बोलता येतं, त्यामुळे सगळे जण एकाच वेळी आमच्या जुन्या मराठीत कलकलाट करायचे. बाहेर पडलं की आम्ही सगळे तमिळ बोलतो. एवढं मराठी एका जागी मी लग्नातसुद्धा ऐकलेलं नव्हतं, हे मला कबूल केलं पाहिजे.

मग जयलक्ष्मी गेली. तीन दिवसांच्या तापाने, ध्यानीमनी नसताना.

हरिणी पहाटेच्या गाडीने आली. आईच्या पायाशी थोडा वेळ बसली, उठली आणि सगळ्यांदेखत बापाला म्हणाली, "अग्नि मी देतें." ती एकुलती एक. दुसरं कोण देणार, असं तिला वाटलं. पण आमच्यात बायका स्मशानात जातसुद्धा नाहीत. दारात गोविंदपुरम्, तिरुप्पनंदाळ, कुठून कुठून आलेली वडीलधारी मंडळी उभी होती. अण्णाने त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "शास्त्र तसें आहे. सेतुराम देईल." सेतुराम म्हणजे त्याच्या भावाचा मुलगा. पितळी भांड्यांचं दुकान चालवणारा गरीब स्वभावाचा माणूस. त्याचा यात काही दोष नव्हता. दोष अण्णाचा होता, आणि माझाही. मी तिथेच उभी होते आणि माझी ती तिखट जीभ टाळ्याला चिकटून बसली होती. याची लाज मला अजून वाटते.

हरिणी तेरा दिवस राहिली. सगळ्यांना वाढलं, उष्टी काढली, चौदाव्या दिवशी गेली. त्यानंतर तिने अण्णाला फोन केला नाही, आणि त्यानेही केला नाही. बापलेक सारखेच हट्टी. माझा फोन ती घ्यायची. अण्णाचं नाव निघालं की "आत्या, ठेवतें," म्हणायची.

पण राज्य तिने सोडलं नाही. आईनंतर नातेवाइकांनी अण्णाला राजा केला, आणि राजाचे हुकूम मात्र हरिणी पाळायची. 'पूर्वेस पांचशे तिरंदाज.' 'पाठवले.' 'रसद किती?' 'सहा दिवसांची.' दोन वर्षं बापलेकीचं बोलणं ते एवढंच, आणि तेही लिहून. बाकीचे बडबडायचे तेव्हा हरिणी आपला आवाज बंद ठेवायची. एकदा मी गेले तेव्हा अण्णाने चष्मा पुसून मला फोन दाखवला. "पाहा, काल पंधरा शब्द लिहिलीय." मी म्हटलं, "अरे गाढवा, फोन कर ना तिला!" तो म्हणाला, "पाहूं."

म्हणून मला त्या खेळाचा राग होता. तो नसता तर या दोघांना कधीतरी तोंड उघडावं लागलं असतं.

आता खेळाचा एक नियम सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. दर तीन महिन्यांनी मेलेल्यांची फौज चालून येते. तिच्याशी लढताना आपला जो शिपाई पडतो तो तिथेच उठतो आणि त्यांच्या बाजूने लढू लागतो. राज्याच्या मध्यावर गादीचा बुरूज आहे. तो पडला की राज्य संपलं. सत्तावीसही जण वेगवेगळ्या परक्या राज्यांत फेकले जातात, नवी नावं मिळतात आणि जुने निरोप सगळे पुसले जातात. पुन्हा एकत्र यायचं तर ज्याने त्याने आपणहून यायचं. सेतुराम येईल, तिरुप्पनंदाळची रुक्मिणीबाई आत्या येईल. हरिणी येणार नाही, हे अण्णाला पक्कं ठाऊक होतं. ती आईच्या राज्यात टिकून होती, बापाच्या नव्हे.

यंदा वैशाखात नवा नकाशा आला. मेलेले कुठल्या बाजूने येतील ते हल्ला सुरू होईपर्यंत दिसायचं नव्हतं. आमच्या लोकांनी यावर क्षणभरसुद्धा विचार केला नाही. मेलेले येणार ते दक्षिणेकडून. दक्षिण यमाची, श्राद्धाला दर्भाची टोकं दक्षिणेकडे, घराचं दार दक्षिणेला नको, हे आम्ही आईच्या दुधाबरोबर प्यायलेलो. अण्णाने चाळीस हजार फौज दक्षिणेच्या तटावर सेतुरामच्या हाती दिली. पूर्वेला घोडदळ घेऊन रुक्मिणीबाई. वय एकाहत्तर, आणि अख्ख्या राज्यात तिच्याइतकं निर्दय कोणी नाही. खेळात ज्याचा त्याचा एक कोट, म्हणजे किल्ला असतो, आणि उत्तरेला असे फक्त दोन होते. एक हरिणीचा, दोन हजार शिपायांचा. आणि त्याच्या शेजारी जयलक्ष्मीचा.

हो, तिचा कोट अजून होता. खेळाडू शंभर दिवस आला नाही की कोट ओस ठरतो आणि राजाने तो पाडायचा असतो. किंवा रोज धान्य घालून राखायचा. अण्णा दोन वर्षं रोज सकाळी, स्नान झाल्यावर, त्या कोटाला धान्य घालत होता. बारा हजार शिपाई तिथे जागच्या जागी उभे होते. नव्या नकाशात त्याने तो मुद्दाम उत्तरेच्या तटाला ठेवला, मेलेल्यांपासून सगळ्यात लांब. हरिणीने आपणहून शेजारची जागा मागून घेतली.

बुधवारी हरिणीने दोन वर्षांतला सगळ्यात लांब निरोप लिहिला. 'खेळ करणारे बर्फाच्या देशाचे लोक. त्यांचे मेलेले थंडीतून येतात, उत्तरेकडून. उत्तरेस दहा हजार तरी ठेवा.' अण्णाने तो सगळ्यांना वाचून दाखवला. रुक्मिणीबाई म्हणाली, "उत्तरेकडून? काशीयात्रा करून येतात काय मेले?" सगळे हसले. अण्णाने लिहिलं, 'पाहूं.'

रविवारी साडेतीनला हल्ला होता. जयलक्ष्मी गेल्यापासून हल्ल्याच्या दिवशी मी त्याच्याजवळ जाऊन बसते, शिव्या द्यायला का होईना. उन्हाने अंग भाजत होतं. अण्णाने पितळी तांब्याला टेकवून फोन उभा केला होता, आणि फोनमधून नातेवाइकांचा गलका येत होता. मी कॉफी पुढे ठेवली. त्याने तिच्याकडे पाहिलंही नाही.

साडेतीन वाजले. नकाशावरचं धुकं विरू लागलं. दक्षिणेला काहीच नाही. भातशेतं, रिकामा रस्ता.

"कोणी येईनात," सेतुराम म्हणाला.

"येतील. थांब," अण्णा म्हणाला.

रुक्मिणीबाईचा आवाज आला. "विजया, पूर्वेसही कोणी नाहीं रे."

तेवढ्यात फोनवर शिंग वाजलं आणि पडद्याच्या वरच्या काठावर लाल ठिपके उमटले. आधी दहा-बारा, मग मोजता न येण्याइतके. खाली हरिणीचा एक शब्द उमटला. 'उत्तर.'

 अण्णाने हरिणीचं दोन वर्षांपूर्वी ऐकलं नव्हतं, बुधवारीही ऐकलं नव्हतं, हे मी बोलले नाही. त्याला ते माझ्याहून आधी कळलेलं होतं.

पण हात चालले. पस्तीस वर्षांची सवय. दक्षिणेची चाळीस हजार माणसं एकदम आतल्या रस्त्याला लावली असती तर सगळी वेशीत अडकली असती. त्याने पाळ्या लावल्या, कालव्याच्या लावायचा तशा. "सेतू, पहिली वेस उघड. पांच हजार सोड. बंद कर. दुसरी उघड." आवाज शांत.  पहिली तुकडी उत्तरेला पोचायला एकोणीस मिनिटं लागणार होती. लाल ठिपके तटापासून चार मिनिटांवर होते.

"मी जातें," म्हणत रुक्मिणीबाईने न विचारताच घोडदळ घातलं. तीन मिनिटांत दीड हजार स्वार पडले, आणि पडले तसे उठून उलटे फिरले. "अय्यो, माझेच मज मारतात!" आत्या ओरडली. अण्णा म्हणाला, "मागें घ्या. थोडे थोडे पाठवूं नका, अवघे तिकडचे होतात."

हरिणी एकटी लढत होती. तिच्या दोन हजारांचे अठराशे झाले, मग चौदाशे. ती काही लिहीत नव्हती. तिच्या तिरंदाजांच्या रेघा तेवढ्या तटावरून सुटताना दिसायच्या. मी खेळ न कळणारी बाई, पण मीही ते आकडे मोजू लागले. लाल ठिपके तिच्या कोटाला वळसा घालून शेजारच्या कोटाकडे सरकू लागले.

सेतुराम घाबऱ्या घाबऱ्या बोलला. "काका, ते काकीच्या कोटाकडे जातात. तो त्यांच्या हातीं लागला तर बारा हजार एकदम उठतील. मग काय करायाचें?"

अण्णाने दोन बोटांनी पडदा मोठा करून उत्तरेचा तट पाहिला.

"काका, जाळायास पाहिजे. आतांच."

ओस कोट शत्रूच्या हाती लागू द्यायचा नसेल तर तो आधी जाळावा लागतो. राजाने मशाल द्यायची आणि लगतच्या कोटवाल्याने लावायची. लगतचा कोट एकच होता. अण्णाने दोन वर्षं ज्या कोटाला रोज धान्य घातलं त्यावर बोट ठेवलं. ते बोट तिथेच राहिलं, मला वाटतं पाव मिनिट. मग त्याने मशाल हरिणीला दिली.

काही झालं नाही. ठिपके पुढे सरकले. मशाल तिच्या नावासमोर नुसती जळत होती.

"हरिणी, जाळ गे!" कुणीतरी ओरडलं. आणि मग फोनमधून, दोन वर्षांत पहिल्यांदा, तिचा आवाज आला.

"आज मज अग्नि देतां?"

 तिच्या आवाजात रडं नव्हतं, संताप होता, आणि तो ऐकून मला बरं वाटलं.

"खेळांत देतां," हरिणी म्हणाली. "खऱ्यास दिला नाहींत. मी नाहीं जाळीत."

"हरिणी, तें आतां नको," सेतुराम गयावया करू लागला, "पांच मिनिटं राहिलीं, माझी फौज आली म्हण—"

"सेतू, सुम्मा गप बस," अण्णा म्हणाला. मग खाली वाकून, फोनच्या अगदी जवळ, "नको जाळूं, हरिणी."

"काका! राज्य जाईल!"

"जाऊं दे." त्याने चष्मा काढून ठेवला. चष्म्याविना त्याला पडद्यावरचं काही दिसत नाही. "आत्या, पुढचें तुम्ही पाहा."

"सरी, बरें," रुक्मिणीबाई म्हणाली. "मी पाहतें. तूं बोल."

आणि अण्णा बोलू लागला. सगळ्या नातेवाइकांसमोर. त्यातले निम्मे त्या दिवशी दारात उभे होते. तो अडखळत होता, मध्येच थांबत होता, कारण एवढं बोलण्याची त्याला सवयच नव्हती. "त्या दिवशीं तूं विचारलीस. अवघे उभे होते. मज वाटलें, होय म्हटलें तर हे काय म्हणतील. शास्त्र काय सांगतें म्हणून मी कोणास विचारलों नाहीं. तुझ्या आईस काय आवडेल म्हणूनही विचार केलों नाहीं. तिला ठाऊक असतें तर तिनें मज घराबाहेर काढलें असतें. शास्त्र म्हणून सांगिटलें तें खोटें. मी लोकांस भ्यालों, हरिणी."

पडद्यावर जयलक्ष्मीचा कोट पडला. मी पाहत होते, तो पाहत नव्हता. बारा हजार शिपाई एकदम लाल झाले आणि गादीकडे वळले. आत्या कुठे काय सांगत होती, वेशी उघडत होत्या, मिटत होत्या. सेतुरामची पहिली पाच हजार अर्ध्या रस्त्यात गाठली गेली.

"अग्नि तुझा होता," अण्णा म्हणत होता. "तो मी—"

पडदा राखाडी झाला. आवाज तुटला. इंग्रजीत एक ओळ आली, राज्य संपल्याची. मग बाजूची नावं एकेक करून विझली, रुक्मिणीबाई, सेतुराम, हरिणी, आणि घरात पंख्याचा तेवढा आवाज उरला.

अण्णाने चाचपडत चष्मा लावला. रिकाम्या पडद्याकडे बघत म्हणाला, "तिनें ऐकलें का?"

"मज काय ठाऊक?" माझ्याही तोंडून घरचीच भाषा निघाली. "फोन कर."

या वेळी तो 'पाहूं' म्हणाला नाही. नंबर शोधायला लागलाच नाही त्याला, पाठ होता. मी आवाज मोठा करायला लावला. रिंग वाजत राहिली, वाजत राहिली, आणि तुटली.

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत नव्हतो. रस्त्यावर कुणी भांडी घासत होतं. माझ्या मनात आलं, आता याच्याजवळ पंधरा शब्दसुद्धा उरले नाहीत, आणि मला त्याची इतकी दया आली की मीच फोन ओढून घेणार होते. त्याने माझा हात बाजूला सारला आणि पुन्हा लावला.

पाचव्या रिंगला तिने उचलला.  श्वास ऐकू येत होता.

"किती ऐकलीस?" अण्णाने विचारलं.

"लोकांस भ्यालों, तेथवर."

"पुढें अणीक होतें."

"सांगा."

मी उठून आत जायला हवं होतं. गेले नाही. एवढी वर्षं गप्प राहण्याचा भुर्दंड म्हणून मी ते सगळं ऐकलं. अग्नी तिचा होता आणि तो काढून आपण दुसऱ्याला दिला, हे त्याने सांगितलं. ते आता परत देता येत नाही, हेही सांगितलं. "मज माफ कर म्हणून सांगत नाहीं," तो म्हणाला. "तुझें होतें, मी घेतलों. तेवढें सांगायाचें होतें."  मग ती रडली, थोडंसंच, आणि नाक पुसल्याचा आवाज आला.

"आईची तिथि केव्हां?"

"ज्येष्ठ वद्य षष्ठी. अणीक बावीस दिवस."

"सेतूस सांगिटलांत श्राद्धास?"

"नाहीं अझून."

"सांगूं नका. मी येतें करायास."

मी अण्णाकडे पाहिलं. बाईने पिंड ठेवायचे म्हणजे आमच्या गल्लीत काय काय होईल ते मला ठाऊक होतं, आणि त्याला माझ्याहून जास्त.

"उपाध्याय काय म्हणतील?" हरिणीने विचारलं.

"उपाध्यायांस मी सांगतों," अण्णा म्हणाला. "तूं ये."